छायाचित्रांतून वीरचित्र

मनुष्यमुखाला देवत्व वा वीरत्व देण्याची कला आपल्याकडे नवी नाहीं. राजा रविवर्मा यांनीं जिवंत माणसें समोर बसवून व छायाचित्रांचाही आधार घेऊन देवदेवता रंगविल्या. १९१७ सालीं दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ चित्रपटांत अण्णा साळुंके या एकाच नटानें राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. आज असेंच रूपांतर कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र एका छायाचित्रावरून थोडक्या वेळांत करतें.

श्रोत्यांनीं कल्पना करावी कीं, उमरेडच्या कोळसाखाणींत राबणाऱ्या बापाचें छायाचित्र मुलानें यंत्राला दिलें व ‘यांस महावीर कर’ अशी आज्ञा केली. यंत्र त्या छायाचित्रावर नुसतें कवच चढवीत नाहीं. बहुधा तें निरर्थक ठिपक्यांच्या धुळीपासून आरंभ करून, शिकलेल्या असंख्य चित्रांच्या वळणानें, सगळें चित्र नव्यानें घडवितें. म्हणूनच आज्ञा मोघम असली कीं वर्ण उजळतो, सुरकुत्या पुसल्या जातात, जबडा रुंदावतो. वीर उरतो, बाप नाहींसा होतो.

यास्तव छायाचित्र समोरून व स्वच्छ उजेडांत घेतलेलें असावें. वर्ण, सुरकुत्या, डोळ्यांची ठेवण जशीच्या तशी राखावी, असें आज्ञेंत स्पष्ट लिहावें. मस्तकीं परदेशी मुखवट्यापेक्षां खाणींतलें शिरस्त्राणच अधिक शोभेल. शिवाय दुसऱ्याचें मुख त्याच्या संमतीवांचून यंत्राच्या स्वाधीन करूं नये.

चित्र सिद्ध झालें कीं प्रथम घरांतील आजीस दाखवावें. तिला नांव सांगावें लागलें, तर तें पुन्हां करावें.