मातीचा हिशेब



आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा म्हणजे चंद्रपूरकडील कोळसा-कामगारांची वस्ती. उघड्या खाणीत कोळशाआधी निघते ती काळी माती, मग खडक. माती वेगळी राखावी लागते. ती खडकाखाली गाडली गेली, की ढिगावर दगडगोटाच उरतो. त्यात लोह-गंधकाचे खनिज असेल, तर हवापाण्याने त्याचे आम्ल होते आणि रोप जळते.

म्हणून परीक्षा हवी. ढिगावर नागमोडी चालत १०-१५ ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती घ्यावी, मिसळावी, चार वाटे करून समोरासमोरचे दोन टाकावेत. असे अर्धा किलो उरेपर्यंत करावे. ती सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. सामू ७ च्या आसपास आहे ना, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद किती, हे तिथे कळते.

एका खाणीवर नमुना कचेरीच्या बागेतून घेतलेला आम्ही पाहिला. अहवाल उत्तम आला. ढिगावरची रोपे मात्र मेली. ती लावणारे मजूर कोण? ज्यांची शेते त्या खाणीत गेली तेच!

आमची मागणी एवढीच : नमुना घेताना गावचा शेतकरी हजर असावा. पगाराचा कागद आम्ही वाचूनच सही करतो. मातीचाही वाचूनच करू.