वाफसा चुकवू नका



बोटॉक्स हे नाव तुमच्या कानावर आलेलं आहे. नटनट्या कपाळावरच्या आठ्या घालवायला घेतात, ते इंजेक्शन. आता मुंबईतले पुरुषही घेतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मला आज बोलायचंय ते कासा, चारोटी, सायवन, तलासरीकडच्या अशा पुरुषांशी, ज्यांना लकवा येऊन गेला आणि ज्यांच्या एका हाताची मूठ तेव्हापासून नीट उघडलेली नाही. दादा, हे औषध तुमचंही आहे.

आजारासाठी ते आधी आलं, सौंदर्यासाठी नंतर. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळ्या डोळ्यांसाठी वापरून पाहिलं. १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली, ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप गच्च मिटण्याच्या आजारासाठी. कॅनडातल्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुदर्स पापण्यांच्या त्याच आजारावर हे इंजेक्शन देत होत्या. तेव्हा भुवयांमधल्या आठ्याही जातात, हे ध्यानात आलं. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर लेख लिहिला आणि आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता आली २००२ मध्ये. लकव्यानंतर ताठरलेल्या हातासाठीची २०१० मध्ये.

हे मुळात विष आहे, हे मी लपवणार नाही. बिघडलेल्या बंद अन्नात वाढणारा एक जंतू ते तयार करतो. आपल्या भागात विष म्हटलं की मण्यार आठवते. मण्यार चावली की पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास अडतो, कारण तिचंही विष मज्जातंतूच्या टोकाशी स्नायूकडे जाणारा निरोप अडवतं. म्हणून भीती वाटते, ते मी समजू शकते. पण डॉक्टर देतात ती मात्रा अतिशय सूक्ष्म, आणि ठरलेल्या स्नायूतच.

आता हे काम कसं करतं? सूर्या नदीचं पाणी धामणीच्या धरणातून कवडासला आणि तिथून कालव्यानं शेतापर्यंत येतं. प्रत्येक चारीला दार असतं आणि ते उघडझाक करायला पाटकरी असतो. तुमचा मेंदू हा पाटकरी. लकव्यात तोच आडवा पडला. चारीचं दार उघडं राहिलं, पाणी रात्रंदिवस एकाच वावरात चाललंय. बोटं मिटणाऱ्या स्नायूंना सतत निरोप जातोय, मिटा, मिटा. इंजेक्शन काय करतं? तेवढ्या एका चारीचं दार लावतं. धरणाला हात लागत नाही, कालव्याला हात लागत नाही.

दार लावल्याबरोबर वावर सुकत नाही. गुण दिसायला काही दिवस लागतात, पुरता यायला दोनेक आठवडे किंवा थोडे जास्त. मग येतो वाफसा. हा शब्द तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. चिखलात नांगर चालत नाही, कडक ढेकळांत चालत नाही, वाफशावर चालतो. हातालाही वाफसा येतो. बोटं ढिली पडतात, तळहात दिसतो. त्या दिवसांत नांगर घालायचा, म्हणजे व्यायाम करायचा. रोज. बोटं हळूहळू उघडून ताणून धरायची, हात बाकावर उपडा टेकवून त्यावर भार द्यायचा, दिलेली पट्टी रात्री बांधायची, चांगल्या हाताबरोबर या हातालाही कामाला लावायचं.

कारण तीनेक महिन्यांनी पाणी परत वाट काढतं. मज्जातंतूंना नवे फुटवे येतात, निरोप पुन्हा सुरू होतात आणि मूठ पुन्हा आवळायला लागते. म्हणजे हा वाफसा तीन महिन्यांचाच. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं सगळं सांगणं इथेच अडकलेलं आहे. सुई घेऊन आले आणि खाटेवर पडून राहिले, तर पैसेही गेले आणि वाफसाही गेला. सुई हात बरा करत नाही. ती हाताला सवड देते. पुरुष मंडळी इथेच चुकतात. बोटं उघडमीट करायला लाज वाटते, कुणी बघेल म्हणून. बघू दे की! ट्रकचं स्टेअरिंग धरलेला, विळा धरलेला हात आहे तो. त्याच्यासाठी रोज अर्धा तास बसायला कसली लाज?

आणि उशीर करू नका. फार वर्षं गेली की स्नायू आणि कंडरा मुळातच आखूड होतात. मग दार लावून उपयोग होत नाही, जमीनच दगड झालेली असते. तरीसुद्धा दाखवा. मूठ पूर्ण उघडली नाही, तरी तळहात धुता येईल इतकी उघडणं ही लहान गोष्ट नाही. नखं तळव्यात रुततात, आत घाम साचून कातडी सडते, वास येतो, आणि ती बोटं रोज सोडवताना घरच्या वहिनींच्या डोळ्यांत पाणी येतं. ते थांबतं.

जायचं कुठे? आधी कासा उपजिल्हा रुग्णालयात दाखवा, तिथून पुढची चिठ्ठी घ्या. मुंबईत हाजी अलीला अपंगांच्या पुनर्वसनाची केंद्र सरकारची मोठी संस्था आहे, १९५५ पासूनची. महालक्ष्मी स्टेशनपासून जवळच. मोठ्या सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत मेंदूविकारांचे विभाग आहेत. औषध महाग आहे, म्हणून तिथल्या समाजसेवकांना भेटल्याशिवाय परत फिरू नका.

आठ्यांसाठी घेणाऱ्या तरुणांनाही दोन शब्द. पुरुषांच्या कपाळाचे स्नायू जाड, त्यांना मात्रा बहुधा जास्त लागते. एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे. हे हिशेब डॉक्टरचे आहेत, पार्लरचे नाहीत. सुई चुकली तर पापणी काही आठवडे खाली पडते. कुठल्याही कारणासाठी घेतलेलं असो, नंतर गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा, मग दोन आठवडे उलटून गेलेले असले तरी.

मान वाकडी होण्याचा आजार, तळहाताचा अति घाम, लघवीवरचा ताबा जाणं, यांतही हे इंजेक्शन वापरतात. लघवीबद्दल पुरुष तर तोंडच उघडत नाहीत, त्यावर मला बरंच... पण वेळ संपत आली. तर दादा, सुईची तारीख मिळाली की त्याच दिवशी व्यायाम शिकवणाऱ्याचीही तारीख मागून घ्या, आणि घरातल्या एकाला सोबत न्या, म्हणजे शिकवलेलं दोघांच्या ध्यानात राहील. वाफसा तीन महिन्यांचा आहे.