गाव ते ग्रामीण रुग्णालय : जालना जिल्ह्यातील आरोग्यसेवेची साखळी

(सरपंच, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून जालना जिल्हा अस्तित्वात आला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा यांची भर पडून तालुके आठ झाले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या आसपास असून तीतील सुमारे चार-पंचमांश लोक खेड्यांत राहतात. जिल्ह्याच्या आरोग्याचा विचार करताना शहरातील रुग्णालयांपूर्वी गोदाकाठची गावे, वाड्या आणि तांडे डोळ्यांपुढे आणावे लागतात, ते याचमुळे.

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. त्या विचारातून १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघू लागली. आज सपाट प्रदेशात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एक लाख वीस हजारांमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. महाराष्ट्रात या तिसऱ्या पायरीला लोक ग्रामीण रुग्णालय म्हणतात. तेथे तीस खाटा असाव्यात. शस्त्रक्रिया, औषधवैद्यक, स्त्रीरोग-प्रसूती आणि बालरोग या चार शाखांचे तज्ज्ञ असावेत, अशी अपेक्षा आहे.

अपेक्षा आणि व्यवहार यांत अंतर पडते ते येथेच. अडलेल्या बाळंतिणीची शस्त्रक्रिया करावयाची तर प्रसूतितज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञ हवा, रक्ताची साठवण हवी आणि नवजात बालकाला सांभाळणारे हात हवेत. यांपैकी एक दुवा निखळला की बाकीचे तिन्ही व्यर्थ. इमारत उभी आहे, खाटा आहेत, रंगही नवा आहे. पण भूलतज्ज्ञ नाही म्हणून रात्री दोन वाजता बाईला जालन्याला किंवा साठ किलोमीटर पुढे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात हलवावे लागत असेल, तर त्या रात्रीपुरते ते ग्रामीण रुग्णालय म्हणजे वाटेवरचा एक थांबाच. इमारतीच्या उद्घाटनाची तारीख गावाला पाठ असते. भूलतज्ज्ञाचे पद भरले आहे की रिकामे, हे मात्र ग्रामसभेत क्वचितच विचारले जाते.

दुसरी अडचण कारभाराची. उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली. रुग्णाला ही विभागणी ठाऊक नसते व ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याच्या हातात असते ती संदर्भचिठ्ठी. ती नीट लिहिली, वरच्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी केला आणि उपचारानंतरचा कागद पुन्हा गावच्या आरोग्यसेविकेपर्यंत पोहोचला, तरच साखळी जुळली असे म्हणता येईल. आज कागद वर जातो. परत येण्याची वाट मात्र बहुधा अडलेली असते.

जालना जिल्ह्यापुरता सर्वांत कठीण प्रश्न आहे ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. त्यामुळे सातवा महिना लागलेली स्त्रीही मागे राहू शकत नाही. ती राहिली तर कोयता मोडतो आणि उचल फिटत नाही. गावच्या आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत ती 'स्थलांतरित' होते आणि कारखान्याच्या परिसरातील आरोग्यसेविकेच्या नोंदवहीत तिचे नावच नसते. गोवराच्या लसीचा दुसरा डोस, लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची तपासणी या दोन नोंदवह्यांमधल्या रिकाम्या जागेत हरवतात.

उपाय फार खर्चाचा नाही. शिक्षकाला कोणत्या घरातील मुले कधीपासून शाळेत येणार नाहीत हे सर्वांआधी कळते; ग्रामपंचायत सदस्याला मुकादम ठाऊक असतो; दर हजार लोकवस्तीमागे नेमलेली आशा गरोदर स्त्रियांची नावे सांगू शकते. ही तीन माणसे दसऱ्यापूर्वी एकदा एकत्र बसली तर जाणाऱ्यांची यादी तयार होते. मग प्रत्येकीच्या हाती माता व बाल संरक्षण कार्ड देता येते, पुढील दोन महिन्यांच्या गोळ्या देता येतात, रक्तक्षय किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्या स्त्रीला निघण्यापूर्वीच ग्रामीण रुग्णालयात दाखवता येते आणि ती ज्या तालुक्यात जाते तेथील आरोग्य अधिकाऱ्यांना कळवता येते. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती यासाठीच तर आहे. ती कागदावर ठेवून दरवर्षी पाणी शुद्धीकरणाच्या पावडरीची खरेदी तेवढी करणे, हा तिचा फार उणा उपयोग होय.

पावसाळ्यात कापसाच्या शेतात होणारा सर्पदंश हे दुसरे उदाहरण. नाग व मण्यार यांच्या विषाने श्वास मंदावतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठेनासे होते. चौघांवरही एकच प्रतिविष लागू पडते. स्वच्छ, कोरड्या काचनळीत रुग्णाचे रक्त वीस मिनिटे न हलवता ठेवून ते गोठते की नाही पाहणे, ही चाचणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते. तेथेच प्रतिविष सुरू करून मग रुग्णाला पुढे पाठवावे. घट्ट आवळपट्टी, चिरा देणे आणि मांत्रिकाकडील फेरा यांत जो तास जातो, तोच जिवावर बेततो. हे शाळेत जूनमध्येच मुलांना सांगितले, तर ते त्याच संध्याकाळी घरोघर पोहोचते.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातीलच स्त्रियांना, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. या कार्यासाठी दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडही अवर्षणग्रस्तच. तेथे जे घडले ते गावातील बाई आणि रुग्णालय यांचे नाते तुटू न दिल्यामुळे.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तज्ज्ञांची उणीव त्यामुळे काही वर्षांत कमी होण्याची आशा आहे. तथापि तेथून बाहेर पडणारा तरुण डॉक्टर मंठ्यात किंवा जाफ्राबादेत राहील की नाही, हे त्याला मिळणारे निवासस्थान, मुलांची शाळा आणि गावाची वागणूक यांवर ठरेल. यांतील शेवटची बाब उपस्थित सरपंचांच्या हातातली आहे, आणि दसरा तर दरवर्षी ठरल्या दिवशीच येतो.