विरजणाची वाटी

आमच्या मालेगावात यंत्रमागाची रात्रपाळी चहावर निघते. पोट बिघडलं, तशी धाकट्या भावानं प्रोबायोटिकची डबी आणली. पचन सुधारेल, ताकद येईल, वजनही उतरेल म्हणे! मजुरीचा मोठा हिस्सा त्यातच गेला. अम्मी विरजणाची वाटी दाखवत राहिली. मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं आंबट दुधातल्या जिवाणूंची थोरवी शंभर वर्षांपूर्वीच सांगितली होती.

पण शौचाला काळं होऊ लागलं, तेव्हा मी त्याला डॉक्टरांकडे ओढत नेलं. अल्सर निघाला, तोही हेलिकोबॅक्टर नावाच्या जिवाणूनंच केलेला! अँटिबायोटिकनं जुलाब होतात, तिथं काही ठरावीक प्रोबायोटिक उपयोगी पडतात. वजनाचा पुरावा मात्र तोकडाच. भाऊ आता बरा आहे. रिकाम्या डबीत अम्मी लवंगा ठेवते.