अर्धशिशी घेऊन रात्री दवाखान्यात जाताना



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंचं अर्धं डोकं ठणकायला लागलं. उलट्या थांबेनात, उजेड सोसेना. निघताना सासूबाई म्हणाल्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" रात्री तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो, तर तिथंही तेच. "डोकंच दुखतंय ना? सकाळी ओपीडीला या." ताई पदरानं डोळे झाकून बाकावर बसून राहिल्या. खरं सांगायचं तर आम्हालाही नीट सांगता आलं नाही. 'लई दुखतंय' एवढंच म्हणत राहिलो.

मग आम्ही एका डॉक्टरबाईंना गटाच्या बैठकीला बोलावलं. त्या म्हणाल्या, अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. हा खरा आजार आहे, नाटक नाही. दुखणं चढलं की पोटाचं काम मंदावतं, गोळी लागू पडत नाही. म्हणून दवाखान्यात उलटीवरचं इंजेक्शन देतात. त्यातल्या काही इंजेक्शनांनी डोकंही उतरतं. लागलं तर दुखण्याचं इंजेक्शन आणि सलाईन देतात. नेहमीचीच अर्धशिशी असेल आणि तपासणीत काही वावगं नसेल, तर सहसा सीटी स्कॅन लागत नाही.

आपण काय सांगायचं? दुखणं किती वाजता सुरू झालं, हळूहळू वाढलं की एकदम, आधी असंच होत होतं का. कोणत्या गोळ्या किती घेतल्या. पाकीट सोबत न्या. गरोदर आहात का, बाळ अंगावर पितं का. बीपी, हृदयविकार, दमा, अल्सर, औषधाची ॲलर्जी, सगळं सांगा. बसायला अंधारी, शांत जागा मागा.

पण काही दुखण्यांत सकाळची वाट पाहायची नाही. एकाएकी, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, ताप येऊन मान आखडली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली, फिट आली, डोक्याला मार लागला, किंवा गरोदर, बाळंतीण बाईचं डोकं जोरात दुखतंय, तर लगेच 108 ला फोन करा.

आणखी एक. महिन्यात 10-15 दिवस दुकानातल्या गोळ्या घेत राहिलो, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. अशा वेळी डॉक्टरांना दाखवाच.

आता ताईंच्या पासबुकात ही सगळी माहिती लिहिलेली चिठ्ठी असते. दिवाळीनंतर पुन्हा जावं लागलं, तेव्हा आम्ही ती चिठ्ठीच पुढे केली. इंजेक्शन मिळालं, ताई झोपल्या. पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की अशी चिठ्ठी प्रत्येकीनं लिहू या.