ईदची सुट्टी डिसेंबरात मागा

(नाशिकमधल्या तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वकील नाही. सुरुवात एका कबुलीने करतो. नोकरीची पहिली चार वर्षं ईदच्या सकाळी मी साहेबांना मेसेज टाकायचो, "ताप आहे, येऊ शकत नाही." महिनाभर रोजे ठेवून जीभ सांभाळायची आणि ईदगाहला निघताना पहिलं काम खोटं बोलण्याचं! अम्मी एकदा म्हणाली, "बेटा, ईद लपवून कशाला करतोस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग कायदा वाचला. आपल्याला वाटतं, सरकारी यादीत ईद आहे म्हणजे सुट्टी आहेच. पण खासगी ऑफिस, दुकान, हॉटेल, आयटी कंपनी यांना ती यादी बांधून ठेवत नाही. तिथे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, 2017 बघायचा. त्याचं कलम 18 सांगतं: वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा. वर्षात 240 दिवस काम केलं, तर पुढच्या वर्षी दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा; ती 45 दिवसांपर्यंत साठवता येते.

आणि आठ पगारी सणसुट्ट्या. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. त्या दिवशी कामावर बोलावलं, तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी.

म्हणजे कायद्यात ईदचं नाव नाही, पण दिवाळीचंही नाही. तिथे आहे ती चर्चेची जागा. ती जागा आपण रिकामी सोडतो आणि मार्चमध्ये मेहरबानी मागत फिरतो.

एका डिसेंबरात आम्ही तिघांनी मिळून एचआरला ईमेल लिहिला. एकाला आंबेडकर जयंती हवी होती, एकीला नाताळ, मला दोन्ही ईद. "ईदची तारीख चंद्रदर्शनाप्रमाणे बदलेल," हेही लिहिलं. 14 एप्रिल, नाताळ आणि रमजान ईद मिळाली. बकरी ईद नाही मिळाली. त्या दिवशी मी किरकोळ रजा घेतो, अर्जात खरं कारण लिहून.

मर्यादाही सांगतो. वीसपेक्षा कमी कामगार असतील, तर या कायद्यातल्या रजा-सुट्ट्यांच्या तरतुदी लागू नाहीत. व्यवस्थापकीय व देखरेखीच्या पदांनाही नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना 2025 पर्यंत कारखाने अधिनियम, 1948 लागू होता. त्यातही 240 दिवसांनंतर भरपगारी रजा होती.

म्हणून तीन कामं करा. नेमणूकपत्र आणि रजेचे नियम वाचा. मागणी लेखी करा. आणि एकट्याने करू नका, शेजारच्या टेबलावरच्यालाही विचारा, "तुला कोणता सण हवा?"

हक्क सगळ्यांसाठी मागितला, की आपलाही मिळतो. आणि ईदच्या सकाळी खोटं बोलावं लागत नाही.