आईच्या नावानं कोरडा



आपल्यातलेच काही शिकलेले दोस्त म्हणतात, मरीआई, यल्लम्मा या तर आपल्या देव्या. बामणांच्या नव्हेत. त्या का सोडायच्या? सवाल खरा आहे, टाळून भागणार नाही. दामोदर कोसंबींनी पुण्याकडच्या डोंगरवाटा पायी तुडवून मातृदेवतांची ठाणी हुडकली, १९६२ च्या पुस्तकात मांडली. ही पूजा वेदपोथीहून जुनी, हेही मान्य.

पण या आईची वाटणी कुणी केली? अंबाबाईला गाभारा, शालू, पुजारी. मरीआई गावकुसाबाहेर. पटकी आली की तिला गाड्यावर घालायची अन् शिवेपार लोटायची. तिचा कोप झेलायला पोतराज. केस वाढवलेला, कमरेला चिंध्या गुंडाळलेला मांगा-महाराचा पोर. कोरडा त्याच्याच हातात, पाठही त्याचीच. मी गोदीत ओझी वाहतो. पाठीवर घर कसं चालतं ते मला नका सांगू. ती फोडून घेण्याला भक्ती म्हणत नाहीत.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यात दाखवला. रोग पाण्यातनं येतो. मग ज्यांनी आम्हाला चांगलं पाणी नाकारलं त्यांना सोडून कोरडा आमच्यावर का? बाबासाहेब १९२७ ला महाडात उतरले ते तळ्यावर, उगाच नाही! दुसऱ्या रोगाला तर नावच 'देवी'. ती टोचून टोचून घालवली. १९८० साली जगातनं संपली म्हणून जाहीर झालं. एकही नारळ कामी आला नाही.

आता यल्लम्मा, म्हणजे रेणुका. नवऱ्याला संशय आला, त्यानं हुकूम सोडला, लेकानं आईचं मुंडकं उडवलं. तो लेक अवतार ठरला! आणि त्या आईच्या नावानं सौंदत्तीच्या डोंगरावर मणी बांधले ते आमच्या पोरींच्या गळ्यात. पोरीच्या केसात जट झाली, की म्हणे देवीचं बोलावणं. अरे, ते तेल-फणीचं बोलावणं होतं! १९३४ ला मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९८२ ला कर्नाटकात झाला. कायदे झाले तरी मणी काही लगेच तुटले नाहीत.

जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलात बाबासाहेब जोगतिणी, पोतराज, देवदासींपुढं उभे राहिले. हा धंदा सोडा म्हणाले. सोडलात तर उपाशी राहाल, तरी सोडा, कारण इज्जत पोटाहून मोठी, हा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ. नागपुरात १९५६ ला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात गौरी-गणपतीसकट सगळे देव नाकारले. 'आपली देवी' म्हणून कुणाला सूट नाही ठेवली.

तेव्हा दोस्तहो, देवी आपली होती हा इतिहास आहे. इतिहास वाचायचा असतो, त्याच्या पाया पडायचं नसतं. वस्तीत कुणा पोरीच्या केसात जट दिसली तर तिच्या आईशी बोला. धाक घालू नका, चेष्टा तर मुळीच नको. ती माउली भ्यालेली असते. तिची भीती आधी काढा, मग कात्री. जट कापल्यावर पोरीला शाळेपर्यंत पोचवून या.

आई घरात आहे. तिला दगडात शोधू नका.